माणूस शोधण्याआधी कामाचा कागद: केज तालुक्यातल्या घरच्या देखभालीचं एक प्रकरण

हे प्रकरण कुण्या एका घराचं नाही. बीड, लातूर, धाराशिवकडच्या घरांत जे वारंवार घडतं, त्यातून ते रचलं आहे. माणसं, महिने आणि रकमा हिशेब कळावा म्हणून घेतल्या आहेत. दवाखाना, योजना आणि नियम मात्र आहेत तसेच सांगितले आहेत.

परिस्थिती

रुग्ण ७२ वर्षांचे शेतकरी, घरचे त्यांना आप्पा म्हणतात. गाव केज तालुक्यातलं, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. जुलैतल्या एका पहाटे उजव्या अंगावरून वारं गेलं. १०८ बोलावून त्यांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘स्वाराती’त नेलं. तिथे सोळा दिवस गेले. सुट्टी मिळाली तेव्हा उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली, समज बऱ्यापैकी शाबूत, नाकात जेवणाची नळी आणि लघवीला वेगळी नळी. वजन ६८ किलो.

घरी पत्नी, वय ६६, गुडघे गेलेले आणि शुगर. मुलगा चाकणला कंपनीत, सून तिथेच एका शाळेत. मुलगी लातूरला दिलेली. चार एकर शेत बटईनं लावलेलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर पहिला निर्णय झाला तो असा: सून सहा महिने गावी राहील. अशा बैठकीत हा निर्णय पाच मिनिटांत होतो आणि जिच्याविषयी होतो ती तिथे नसते. ६८ किलोचा माणूस एकट्या बाईनं दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा, तोही दिवसरात्र, हे कुणी बोलून दाखवलं नाही. सुनेचा पगार बंद झाला तर घरात किती येईल, तोही हिशेब कुणी मांडला नाही. तो मांडल्यावर कळलं की तिचा पगार दिवसपाळीच्या माणसाच्या पगारापेक्षा जास्त आहे. त्यामुळे बेत बदलला आणि ‘माणूस मिळेल का?’ अशी विचारणा सुरू झाली.

वॉर्डातले शेवटचे तीन दिवस

घरची देखभाल सुरू होते ती इथे, आणि नेमके हेच दिवस लोक बिलं आणि गाडीच्या धावपळीत घालवतात. या घरानं दोन गोष्टी बरोबर केल्या, एक राहून गेली.

पहिली बरोबर गोष्ट म्हणजे मुलीनं वॉर्डातल्या सिस्टरकडून नळीनं जेवण देणं नुसतं पाहून घेतलं नाही, तिच्यासमोर तीन वेळा स्वतः करून दाखवलं. पाहून येतं असं वाटणारं काम हातात घेतल्यावर अडतं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, आधी थोडं पाणी, मग गाळलेलं अन्न एका वेळी साधारण २०० मिलि, हळूहळू, शेवटी पुन्हा ३०-४० मिलि पाणी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवण चालू असताना ठसका लागला किंवा श्वास घरघरला तर तिथेच थांबायचं. नाकाजवळ नळीवर चिकटपट्टीची खूण असते. ती सरकलेली दिसली तर त्या वेळचं जेवण द्यायचंच नाही.

दुसरी म्हणजे गोळ्यांची यादी घेऊन त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ‘यातल्या कुठल्या कुटून द्यायच्या नाहीत?’ वरून लेप असलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून नळीतून दिल्या तर औषधाचं काम बिघडतं. त्यांतल्या दोन बदलून मिळाल्या.

राहून गेलं ते तारखांचं. जेवणाची नळी कधी बदलायची आणि लघवीची कधी, हे कार्डावर लिहून घेतलं नाही. लघवीची नळी साध्या रबराची आहे की सिलिकॉनची यावर ते ठरतं. सिलिकॉनची जास्त दिवस चालते. नळीवरचा प्रकार आणि घातल्याची तारीख कार्डावर हवीच, नाहीतर पुढे येणारी प्रत्येक सिस्टर वेगळं सांगते.

कामाचा कागद

‘एक चांगला माणूस पाहिजे’ असं सांगितलं की समोरचा ‘बघतो’ म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. कारण त्या वाक्यात काम कोणतं, किती वेळ, कुणाच्या हाताचं, यातलं काहीच नाही. म्हणून आधी चोवीस तास कागदावर उतरवायचे.

या घरचा कागद असा होता. सकाळी सहाला तोंडाची स्वच्छता, डायपर, अंग पुसणं, पाठ-माकडहाड-टाचा बघणं. सातपासून रात्री दहापर्यंत जेवण-पाणी सात वेळा. दर दोन तासांनी कूस बदलणं. लघवीची पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करणं, किती झाली ते लिहिणं. पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. दोनदा बीपी. दोनदा हातापायाचे व्यायाम. रात्री दहा, बारा, दोन, चारला कूस. याशिवाय कपडे आणि फडकी धुणं. नळी बदलणं आणि जखम झालीच तर ड्रेसिंग, हे अधूनमधून.

कागद पाहिल्यावर कामाचे दोन ढीग सरळ दिसतात. नळ्या, जखम, इंजेक्शन ही शिकलेल्या हाताची कामं आठवड्याला फार तर दोन तासांची आहेत. उरलेलं सगळं पाठीच्या कण्याचं आणि जागरणाचं काम आहे. त्याला नर्स लागत नाही. दोन दिवस नीट शिकवलेलं, न कंटाळणारं माणूस लागतं. हे दोन ढीग वेगळे केले नाहीत की घर दोनपैकी एक चूक करतं. एकतर चोवीस तास नर्स मागतं, ती खेड्यात मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. नाहीतर साध्या मावशीकडून निघालेली नळी पुन्हा घालून घेतं. दुसरी चूक जिवावर बेतते. जेवणाची नळी श्वासनळीत गेली आणि तशीच पेज सोडली तर फुप्फुसात जाते. नळी निघाली की घरी घालायची नाही, एवढा नियम दारावर लिहून ठेवावा.

‘नर्स’ हा शब्दही नीट विचारून घ्यावा. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिन्हींची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते आणि नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान कसला? ‘दवाखान्यात होते’ एवढं म्हणणारा माणूस वॉर्डबॉय असू शकतो. तो देखभालीला उत्तम, पण नळीला नाही.

पहिला प्रयत्न: ब्युरो

मुलानं घरी देखभालीची माणसं पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका ब्युरोला फोन केला. नोंदणी फी, एका महिन्याचे पैसे आगाऊ, चोवीस तासांचा मुलगा. पुण्यातल्या ब्युरोंमधून जाणाऱ्या पोरांत मराठवाड्यातली बरीच असतात. त्यामुळे परभणीकडचा मुलगा पुण्याला जाऊन तिथून केजला आला आणि मधला वाटा ब्युरोनं घेतला. हा फेरा हास्यास्पद वाटतो, पण तालुक्याच्या ठिकाणी अशी सोयच नसली की होतो.

मुलगा सहाव्या दिवशी निघून गेला. घरचे म्हणाले, ‘आजकालच्या पोरांना काम नको.’ कारणं मात्र साधी होती. त्याला झोपायला वेगळी जागा नव्हती, तो रुग्णाच्या खाटेखाली चटईवर. चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे चोवीस तास जागं, असं घरानं धरलं. ‘चोवीस तास’ याचा व्यवहारातला अर्थ राहायला असणं हा आहे. रात्री चारदा उठायचं असेल तर दिवसा सलग सहा तास झोप द्यावीच लागते आणि त्या वेळी दुसरं कुणीतरी लागतं. शिवाय त्याचं ताट-तांब्या वेगळा ठेवला होता. यावर घरात कुणी काही बोललं नाही, त्यानंही नाही. रुग्णाची विष्ठा काढणारे हात चालतात आणि त्याच हातांना घरातलं ताट चालत नाही, हे माणसाला कळतं. देखभालीला आलेली माणसं टिकत नाहीत तिथे पगाराच्या आधी ताट बघावं.

आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत, कारण बदली माणूस किती दिवसांत आणि न आल्यास पैशाचं काय, हे आधी लिहून घेतलं नव्हतं. ब्युरोकडून घेताना चार गोष्टी व्हॉट्सअॅपवर तरी लेखी हव्यात: बदली किती दिवसांत, मधल्या दिवसांचे पैसे कापणार का, माणसाच्या हातात पगारातले किती पडतात, आणि त्यानं नळीचं जेवण याआधी किती रुग्णांना दिलं आहे. तिसऱ्या प्रश्नावर ब्युरो कुरकुरतो, पण माणूस टिकेल का हे त्यावरूनच कळतं.

दुसरा प्रयत्न: भावकीतली काकू, आणि माकडहाडाची जखम

मग भावकीतल्या एका काकू दिवसा येऊ लागल्या. पैसे ठरले नाहीत, ‘घरचंच आहे’. वेळही ठरली नाही. रात्री आजी, म्हणजे रुग्णाची पत्नी, एकट्या. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा दिसला, दोन दिवसांत कातडी सोलली.

घरात एअर बेड होता, मग जखम का झाली? शोधल्यावर तीन कारणं सापडली.

पहिलं, रात्री दहा ते पहाटे पाच कूस बदललीच जात नव्हती. गुडघे गेलेल्या आजींना ते शक्य नव्हतं आणि त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

दुसरं, गादीवर आधी प्लास्टिक, त्यावर गोधडी, त्यावर चादर. एअर बेडच्या नळ्या आळीपाळीनं फुगतात-बसतात आणि त्यामुळे दाब एका जागी राहत नाही. वर चार पदरी गोधडी टाकली की ते सगळं वाया. शिवाय प्लास्टिकनं घाम कोंडतो. एअर बेडवर एकच पातळ सुती चादर, तीही सुरकुती न ठेवता.

तिसरं, रात्री वीज जायची. पंप बंद, गादी बसलेली, माणूस लाकडी फळीवर. हा पंप फार थोड्या वॅटचा असतो. घरात टीव्ही-पंख्यासाठी इन्व्हर्टर होता, पण पंपाची वायर त्यावर घेतलीच नव्हती. ते काम गावातल्या वायरमनने अर्ध्या तासात केलं.

गादीत हवा पुरेशी आहे का, हे बघायची रीत सोपी आहे. माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवायचा. हाडाचा भार हाताला टेकला तर हवा कमी. साधारण इंचभर हवेचा थर मध्ये जाणवला पाहिजे. पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं. गच्च फुगवलेली गादीही फळीसारखीच.

चट्टा दिसल्यावर बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल होत असेल तर भार काढून टाकला की तो निवतो. दाबूनही लालच राहिला तर आतली कातडी दुखावली आहे, त्या बाजूवर पुन्हा झोपवायचंच नाही. तिथे चोळायचं नाही. आपल्याकडे लगेच खोबरेल घेऊन मालिश सुरू होते, त्यानं कातडी आणखी फाटते. कुशीवर पूर्ण नव्वद अंश उभं करू नये, पाठीमागे उशी लावून तीसेक अंशांचा कल द्यावा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी.

वळवताना लुळा हात धरून ओढल्यामुळे खांदाही दुखू लागला होता. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल होतात आणि ओढल्यानं सांधा उतरतो. धरायचं ते खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेला, कधीही मनगटाला नाही.

तिसरी घडी: तुकडे जोडून

मराठवाड्यातल्या खेड्यात एका फोनवर सगळी सेवा येत नाही. ती जोडावी लागते आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या दारी सापडतो.

सिस्टर सापडली ती केजमधल्या एका मेडिकल दुकानातून. डायपर, ग्लोव्ह्ज, लघवीच्या पिशव्या दर महिन्याला कोण नेतं आणि त्या घरी कोण जातं, हे मेडिकलवाल्याला माहीत असतं. खासगी दवाखान्यात काम करणारी एक जीएनएम ड्यूटीनंतर आठवड्यात दोनदा यायला तयार झाली: जखमेचं ड्रेसिंग, नळ्यांची तपासणी, आणि तारीख आली की बदल. फिजिओथेरपिस्ट अंबाजोगाईहून आठवड्यात तीनदा. तो त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन रुग्णांकडे जातो म्हणून परवडला. एकट्या घरासाठी कुणी आत येत नाही, वाटेवरचे रुग्ण मिळाले की येतो. म्हणून शेजारच्या गावांत आणखी कुणाला लागतं का, हे घरानं स्वतः शोधून दिलं.

दिवसाची आणि रात्रीची माणसं गावातूनच घेतली. विचारणा बचत गटाच्या बैठकीत, आशाताईंकडे आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे केली. आशाताई स्वतः ही सेवा देत नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे आणि त्यांच्यावर हे लादू नये. पण कुणी आधी सासऱ्याची अशी सेवा केली आहे, कुणाच्या हाताला स्वच्छता आहे, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नसतं. दिवसाला एक पंचेचाळिशीची बाई मिळाली. रात्रीसाठी पुरुष हवा होता, कारण रुग्ण पुरुष, वजन जास्त, आणि रात्रीपाळीला बाईला घरून परवानगी मिळणं अवघड. जवळच्या वस्तीवरचा एक तिशीतला माणूस तयार झाला.

निवड बोलण्यावरून केली नाही. दोन दिवस पैसे देऊन, सिस्टरच्या देखरेखीखाली काम करवून घेतलं. बघितलं ते हे: साबणानं हात सांगितल्याशिवाय धुतो का? कूस बदलण्याआधी रुग्णाला ‘आप्पा, आता या कुशीवर घेतो’ असं सांगतो का, की पोत्यासारखं उलटतो? जेवण देताना खाट उंच करायला विसरतो का? आणि एक प्रश्न: ‘नळी निघाली तर काय करशील?’ ‘हळूच परत घालीन’ म्हणणारा एक जण तिथेच बाद झाला. ‘सिस्टरला फोन करीन’ हे एकच बरोबर उत्तर.

अटी साध्या कागदावर लिहिल्या: कामाचे तास, पगाराची तारीख, महिन्यात चार सुट्ट्या, न येणार असल्यास आदल्या संध्याकाळी सांगणं, सोडायचं तर पंधरा दिवस आधी. काय काम नाही, तेही लिहिलं: घरच्यांचे कपडे, पाहुण्यांचा चहा, शेतातलं काम. हे लिहिलं नाही तर महिन्याभरात दिवसाची बाई चुलीपाशी दिसते आणि आप्पा ओल्या डायपरवर. आधारची प्रत आणि फोटो घेतला, पोलीस ठाण्यात पडताळणीसाठी माहिती दिली. दागिने लातूरला मुलीकडे. एटीएम कार्ड, पिन, फोनवरून पैसे पाठवणं देखभाल करणाऱ्याच्या हाती द्यायचं नाही, यात त्याचंही संरक्षण आहे. आणि रुग्णाची वाचा गेलेली असताना कुठल्याही कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा नाही, मग कागद आणणारा सख्खा भाऊ का असेना. जमीन असलेल्या घरात ही भीती काल्पनिक नाही.

खाटेच्या दांड्याला एक वही बांधली. प्रत्येक कूस, जेवण, लघवी, बीपी, शौच, वेळेसह. चाकणचा मुलगा रोज रात्री तिचा फोटो मागवतो. तीन रात्री पहाटे चारची नोंद नसली की विचारणा होते, आणि भांडण न होता होते, कारण विचारणा वहीवरून असते.

साहित्य आणि पाणी

खाट विकत घेतली नाही. डोकं आणि पाय वेगवेगळे उचलणारी, हँडलची फाउलर खाट भाड्यानं आणली. अनेक शहरांत सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात. तिथे अनामत ठेवून खाट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची नाममात्र भाड्यानं मिळते. आणण्याआधी चौकट मोजावी. जुन्या वाड्याच्या दारातून खाट अख्खी जात नाही, सुटी करून आत जोडावी लागते.

पाण्याचा हिशेब शहरातल्या सल्ल्यांत कधीच नसतो. अंग पुसणं, फडकी-चादरी, वारंवार हात धुणं यांना रोजच्या वापराव्यतिरिक्त पाच-सहा बादल्या, म्हणजे ७५ ते ९० लिटर पाणी लागतं. ऑगस्टमध्ये ते जाणवत नाही. एप्रिल-मेमध्ये, टँकर तीन-चार दिवसांआड येतो तेव्हा, पहिली काटछाट हात धुण्यावर आणि चादरींवर होते, आणि लघवीचा संसर्ग नेमका तेव्हा होतो. २०० लिटरचं एक पिंप फक्त रुग्णासाठी वेगळं ठेवलं, त्यावर घरच्यांनी हात टाकायचा नाही.

ज्वारीच्या पिठाची आंबील नळीतून देताना दोनदा नळी चोंदली. आंबील चांगली, पण पातळ करून सुती फडक्यातून गाळलेली हवी आणि नंतर पाणी सोडायलाच हवं.

पैसे

या घरात ठरलं ते असं. दिवसाची बाई महिना ११,००० रुपये, रात्रीचा माणूस ९,०००. सिस्टर ३०० रुपये फेरी, आठ फेऱ्यांचे २,४००. फिजिओ ४०० रुपये, बारा फेऱ्यांचे ४,८००. डायपर दिवसाला तीन, साधारण ३,१५०. ग्लोव्ह्ज, पिशव्या, ड्रेसिंगचं सामान १,५००. एकूण ३१,८५० रुपये. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतील, पण कप्पे हेच राहतात. या हिशेबात खाटेचं भाडं आणि औषधं नाहीत.

हा खर्च सारखा राहत नाही. पहिले तीन महिने सर्वांत जड. गिळणं सुधारलं की जेवणाची नळी निघते, फिजिओ आठवड्याला एकदा होतो, सिस्टरच्या फेऱ्या घटतात. म्हणून मुलगा आणि मुलगी यांनी रक्कम सहा महिन्यांसाठी नाही, तीन-तीन महिन्यांसाठी वाटून घेतली.

सरकारी योजनांतून घरच्या माणसाचा पगार निघत नाही, हे आधीच कळलेलं बरं. वय ७० पूर्ण असलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही तरतूद ऑक्टोबर २०२४ पासून आहे. पण ती दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. सुट्टीनंतरचे पंधरा दिवस औषधांपुरते धरतात, देखभालीचा माणूस नाही. कार्ड मात्र काढून ठेवावं, पुन्हा भरती व्हायची वेळ येऊ शकते. श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये आहेत, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० असल्यानं हे घर बसलं नाही. ज्यांचं बसतं त्यांनी तहसीलमधल्या संजय गांधी निराधार योजना शाखेत जावं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये आहेत, उत्पन्नाची अट २ लाख. अपंगत्वाचा दाखला आजार स्थिर झाल्यावर काढायचा, घाईनं गेलं तर पुन्हा बोलावतात. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात का, हे विचारायला लोक लाजतात. विचारावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. माहिती, कायदेशीर सल्ला आणि छळाच्या तक्रारी यांसाठी ती उपयोगाची आहे. ती माणूस पाठवत नाही.

सुगी आणि कोयता

घडी बसली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढणीला आलं आणि रोजाचे दर चढले. दिवसाच्या बाईला शेतात दोन दिवसांत मिळणारे पैसे इथल्या चार दिवसांच्या पगाराएवढे झाले. ती तीन दिवस आली नाही. यात बेइमानी काही नाही, हाच तर त्या घराचा वर्षाचा कमाईचा काळ. काढणीच्या वीस दिवसांसाठी रोज १५० रुपये जादा द्यायचं ठरलं आणि ती परत आली. हा खर्च आधीच धरून ठेवला असता तर ते तीन दिवस आजींना काढावे लागले नसते.

रात्रीच्या माणसाचं निराळं. त्यानं उन्हाळ्यातच ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. दिवाळीनंतर नवरा-बायको कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणार, ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परतणार. केज, धारूर, वडवणीकडे माणूस ठेवताना पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न पगाराचा नाही, ‘उचल घेतली आहे का?’ हा आहे. इथे तो विचारला गेला ऑक्टोबरमध्ये, योगायोगानं. तरी तीन आठवडे हातात होते. दिवसाच्या बाईचा बारावी झालेला पुतण्या दहा रात्री त्याच्याबरोबर बसून शिकला, त्यातल्या शेवटच्या चार रात्री सगळं काम पुतण्यानं केलं आणि जुन्यानं नुसतं बघितलं. जुन्याला त्या रात्रींचे पूर्ण पैसे दिले.

राखीव माणूसही तेव्हाच ठरवला. त्या पहिल्या काकूच, आता दिवसाच्या ४०० रुपयांवर, महिन्यात चार सुट्ट्यांचे दिवस. पैसे ठरल्यावर त्या वेळेवर येऊ लागल्या.

डिसेंबरअखेरची स्थिती

माकडहाडाची जखम नऊ आठवड्यांत भरली. जेवणाची नळी नोव्हेंबरमध्ये दवाखान्यात गिळण्याची तपासणी करून काढली. आता मऊ भात-वरण, बसवून, लहान घास, हनुवटी थोडी खाली. लघवीची नळीही निघाली. आप्पा डाव्या हातानं चमचा धरतात. उजव्या पायात थोडा जोर आहे, दोघांच्या आधारानं खाटेच्या कडेला उभे राहतात. बोलणं दोन-तीन शब्दांवर आहे.

सिस्टरची फेरी महिन्यातून दोनदा, फिजिओ आठवड्यातून एकदा. महिन्याचा खर्च २६,००० च्या आत आला आहे.

दारावरच्या कागदावर आता नळीचा नियम खोडून दुसरा लिहिला आहे: तोंड वाकडं झालं, दुसऱ्या हातात जोर कमी वाटला, समज अचानक घटली, तर वेळ बघून लिहायची आणि लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे लक्षणं सुरू झाल्यापासूनच्या साडेचार तासांत ठरतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न ‘कधी सुरू झालं?’ हाच विचारतात. पहिल्या खेपेला पहाटेची वेळ कुणालाच सांगता आली नव्हती.

मार्चमध्ये साखर कारखान्यांचा पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल, तेव्हा जुना रात्रीचा माणूस परत येईल. पुतण्याला पोलीस भरतीची तयारी करायची आहे, तो तोवरच थांबणार. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर आहे, तिच्याखाली टँकरवाल्याचा नंबर.